विश्वकर्मा, नग तीन

अंतराळयान वाटेत बिघडलं तर ते दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न अख्ख्या घाटकोपरात सगळ्यात आधी माझ्या डोक्यात आला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रकार ऐकून लोक पोट धरधरून हसतात आणि मूळ कल्पना कुणाची होती ते सोयीस्कर विसरतात!

साल अठ्ठावन्न. आदल्या वर्षी रशियानं कृत्रिम चंद्र सोडला आणि त्याच्या पाठोपाठ एक कुत्रीही वर पाठवून दिली. आमच्या जयंतीभाईंच्या चाळीत तेव्हापासून जो तो गॅलरीत माना वर करून उभा. कुत्रीला थंडी वाजत असेल का, तिला वर कोण जेवायला घालत असेल, असल्या चर्चा! पण त्या यानाचा एखादा स्क्रू ढिला झाला तर काय, हे एकानं तरी विचारावं? तिथं काय साकीनाक्याचा फिटर पान्हा घेऊन जाणार आहे?

उत्तरही मीच काढलं. यंत्रमानव! आणि एक-दोन सुटे नव्हेत, पद्धतशीर मालिका. मालिकेचं नाव विश्वकर्मा. नग एक यानाला पडलेली भोकं बुजवणार. नग दोन तुटलेल्या तारा जोडणार. आणि नग तीन, पहिल्या दोघांनी खरंच काम केलं की नुसत्या विड्या ओढल्या, ते तपासणार. तिसरा नग मला आमच्या हेडमास्तरांवरून सुचला होता, पण ते मी कुठं बोललो नाही.

मी शाळेत सायन्स शिकवतो. वर्षानुवर्षं टेंपररी. दर एप्रिलात आम्हाला कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, म्हणजे मेचा पगार वाचतो. त्या महिन्यात माणिक, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आमटीत पाणी वाढवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. 'कायम' हा शब्द कुठं छापलेला दिसला तरी मला भरून यायचं. त्या वर्षी शाळेत एक जागा कायम व्हायची होती. एकच. आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघं बसलो होतो, मी आणि इतिहासाचा नंदकुमार सबनीस. हा नंदकुमार आमच्याच चाळीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहायचा. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशा माणसांचाच जास्त राग येतो.

जागा कुणाला द्यायची ते ठरवणार होते संस्थेचे अध्यक्ष, रावसाहेब परुळेकर. रावसाहेब मूळचे देवगडकडचे, पण बोलायचे अगदी छापील. बक्षीस समारंभ असो की शोकसभा, त्यांचं भाषण 'आजच्या विज्ञानयुगात' या शब्दांनी सुरू व्हायचं. त्यांनी आमच्या चाळीच्या गणपतीला पाचव्या दिवशी आरतीला यायचं कबूल केलं, आणि मला आकाश ठेंगणं झालं. देखाव्यात अंतराळयान! यानावर माझे यंत्रमानव! रावसाहेब बघणार, विज्ञानयुग डोळ्यांपुढं उभं राहणार, आणि इतिहासाला कोण विचारतो?

मंडळाच्या सभेत नंदकुमारनं हळूच सुचवलं की गेल्या वर्षीचा कालियामर्दनाचा नाग माळ्यावर पडून आहे आणि त्याचे बरेचसे फणे शाबूत आहेत. मी उठून असं काही बोललो की फण्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गणपती चंद्रावर निघाला आहे, वाटेत यान बिघडलंय, विश्वकर्मा मालिका ते दुरुस्त करते आहे, असा प्रसंग मी समजावून सांगितला. मग मागून कुणीतरी विचारलं, "आणि उंदीर?"

"उंदीर यानात बसलेला आहे," मी म्हणालो, आणि ठराव पास झाला.

मोटार लावून हलता देखावा करणं परवडत नव्हतं, म्हणून जिवंत देखावा करायचं ठरलं. यानाची बांधणी अचूक व्हावी म्हणून मी मुद्दाम सांताक्रूझला जाऊन विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहिलो आणि विमानं बघून आलो. बांबू, गोणपाट आणि चंदेरी कागद लावून यान उभं केलं. माणिकनं ते बघितलं आणि सुरमई छान झाली म्हणाली. यंत्रमानवांसाठी साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून तेलाचे चौकोनी डबे आणले, तळ कापले, डोक्याच्या डब्याला लाल बल्बचे डोळे लावले आणि आत बॅटरी ठेवली. आता डब्यात मावणारी माणसं हवी होती. नग एक चंद्रप्रकाश, हा पोस्टात होता. नग दोन बाळा. आणि नग तीन म्हणून मी निवडला सहदेव घाडी. कारखान्यात काम करणारा, उंच, सडसडीत, अबोल माणूस. डबा त्याच्यासाठीच बनवल्यासारखा त्याच्या अंगात बसला!

घरी येऊन मी ही नावं सांगितली, तर माणिकनं हातातली परात खाली ठेवली. तिचं माहेर कणकवलीचं.

"अहो, घाडी आहे तो. त्याला आरतीच्या वाजपासमोर उभा करू नका."

"का? आडनावाचा आणि यंत्राचा काय संबंध?"

तिनं सांगितलं की त्यांच्याकडं घाडी म्हणजे गावातला देवाचा माणूस. देवाला गाऱ्हाणं तो घालणार, आणि ढोल वाजला की अंगात अवसरही त्याच्याच घराण्यात येणार. सहदेवचा आजा, बाप, सगळ्यांच्या अंगात यायचं. मी हसलो. मी वाईचा माणूस. आमच्याकडं आडनावावरून फार तर कंजूषपणा ओळखतात. अवसर येतो माणसाला, तेलाच्या डब्याला नव्हे, असं मी तिला ठणकावून सांगितलं, आणि तिनं पुन्हा परात उचलली.

चतुर्थीला पडदा उघडला. यान चमकलं, डोळे पेटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत सगळं झकास. मग आरती सुरू झाली आणि पहिली ठिणगी पडली. तिन्ही यंत्रमानव पान्हे खाली टाकून टाळ्या वाजवायला लागले! डब्यावर डबा आपटून असा खणखणाट झाला की चंद्रावर भांड्यांचं दुकान निघालंय असं वाटावं. आरती संपल्यावर मी तिघांना पडद्यामागं घेतलं. यंत्राला देव नाही, भक्ती नाही, तहानभूक नाही, हे वर्गात सांगतो तसं क्रमवार सांगितलं. चंद्रप्रकाशनं मान डोलावली. सहदेव डब्यातून म्हणाला,

"मास्तर, आरती चालू आसताना हात गप ठेवूचे? गावाक कळला तर माका दारात घेवचे नाय."

शेवटी तडजोड झाली. टाळ्या वाजवायच्या नाहीत, डब्याच्या आत पायाचा अंगठा हलवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी बघतो तो तिन्ही डब्यांच्या कपाळी कुंकू! मी तावातावानं विचारलं, हे कुणाचं काम? बायका म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच तर विश्वकर्मा म्हणून पाटी लावलीत. देवाचं नाव आहे, मग कुंकू नको? नाव मी भारदस्त म्हणून दिलं होतं! तिसऱ्या दिवशी पलीकडच्या चाळीतला सुतार आपली करवत घेऊन आला आणि नग एकच्या पायाला लावून गेला. त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या सुहासिनीबाईंनी बिघडलेला स्टोव्ह नग दोनपुढं आणून ठेवला. आणि बाळानं, डब्यात असताना, ऐन देखाव्यात, खाली वाकून त्या स्टोव्हला पिन मारली!

अंतराळयान उघडं पडलंय आणि हा स्टोव्ह दुरुस्त करतोय! पडदा पडल्यावर मी त्याला फैलावर घेतलं, तर तो काय म्हणाला? "मास्तर, यान काय उडाचा नाय. स्टो तरी पेटलो." सांगा, असल्या माणसांना घेऊन चंद्रावर जायचं!

चौथ्या दिवशी यंत्रमानवांपुढं नारळ पडायला लागले. मी ते उचलून गणपतीपुढं ठेवायचो, आणि माझी पाठ वळली की ते परत नग तीनपाशी. सहदेवला विचारलं तर म्हणे, मी काय करणार, हात गप ठेवायचे ना? एका बाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं की नग तीन मूल होण्यासाठी चालतो का. मी पदवीधर माणूस, मला हे विचारतात!

पाचवा दिवस उजाडला. सकाळपासून मी कुंकू पुसत होतो. संध्याकाळी रावसाहेब आले. काळी टोपी, काळा कोट, हातात काठी. मी त्यांना थेट देखाव्यापुढं नेलं. ते मधे उभे राहिले. त्यांच्या डाव्या हाताला मी, हातात वर्गातली छडी घेऊन, आणि उजव्या हाताला मंडळाचा चिटणीस म्हणून नंदकुमार, नारळाचं ताट धरून. मी छडीनं एकेक भाग दाखवत मालिकेची माहिती दिली. रावसाहेबांनी नग तीनचं डोकं काठीनं ठोकून बघितलं आणि खूश झाले. म्हणाले, "मास्तर, शाळेला अशाच दृष्टीचा माणूस हवा." माझ्या पोटात साखर विरघळली. मी माणिककडं बघितलं. तीसुद्धा बिचारी हसली. तिच्या डोळ्यांत मला मे महिन्याची दाट आमटी दिसली.

मग रावसाहेबांनी चार शब्द बोलावेत अशी विनंती झाली. आजच्या विज्ञानयुगात, ते म्हणाले, अंगात येणं, कौल लावणं, गाऱ्हाणी घालणं ही खुळं आपण बोटीत बसतानाच बंदरावर टाकून यायला हवी होती. मी एवढ्या टाळ्या वाजवल्या की छडी हातातून पडली.

आणि आरती सुरू झाली.

त्या दिवशी अध्यक्ष आलेत म्हणून चाळीतल्या कोकणी पोरांनी भजनाचा सगळा संच काढला होता. ढोलकी, टाळ, झांजा, आणि कुठून तरी आणलेला एक मोठा ढोल. दुसऱ्या कडव्याला ढोल दुणात गेला आणि नग तीन गुणगुणायला लागला. पातेल्यात पाणी उकळायच्या आधी येतो तसा आवाज. मग डबा हलायला लागला. आधी खांदे, मग डोकं, मग पान्हा धरलेला हात गरगर फिरायला लागला आणि यानाचा एक पंख फाटून खाली आला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शॉक! यानातल्या दिव्याची वायर सहदेवच्या पायाखालून गेली होती. माणूस विजेला चिकटलाय आणि हे लोक आरती म्हणतायत! मी धावत जिन्याखाली गेलो आणि चाळीचा मेन स्विच बंद केला. याला म्हणतात प्रसंगावधान!

परत येऊन बघतो तो सगळीकडं अंधार, गणपतीपुढं समयांचा मंद उजेड, आणि त्या उजेडात नग तीनचे बॅटरीवरचे लालभडक डोळे. शॉक वगैरे काही नव्हता. सहदेव अजून घुमत होता. आणि डब्याच्या आतून, दहा पटीनं घुमून, आवाज आला.

"कोण आसा रे थय? काय इचारूचा आसा ता इचार!"

"व्हय म्हाराजा!" मागून अख्ख्या चाळीनं साद दिली. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या शेजारून आला. मी वळून पाहिलं. रावसाहेबांची टोपी काखेत होती, बूट पायात नव्हते आणि हात जोडलेले होते!

मी त्यांच्या डाव्या हाताला माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, साहेब, हा केवळ ठेक्याचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम आहे. त्यांनी मला हातानंच गप्प केलं. या माणसानं! शाळेला अशा दृष्टीचा माणूस हवा म्हणाले, त्याला अजून कापूर जळायचाही अवकाश झाला नव्हता! आणि मग रावसाहेब परुळेकर माझ्या तेलाच्या डब्याला विचारते झाले.

"म्हाराजा, शाळेत जागा एक आसा आणि माणसा दोन. माका काय सुचणा नाय. कोणाक कायम करू, तूच सांग."

असं म्हणून त्यांनी जमिनीवर माथा टेकवला.

माझी नोकरी, माझं शिक्षण, बीएस्सीची सेकंड क्लास डिग्री, आणि निवाडा करणार कोण? भंगारातला डबा! माझा पक्का विचार झाला की आता मोठ्यानं निषेध करायचा. मी तोंड उघडलं. तेवढ्यात नग तीननं पान्हा वर उचलला.

"उजव्या अंगाक जो उभो आसा, तेका कायम कर!"

"व्हय म्हाराजा!"

इथं मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. माझा असल्या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण रावसाहेबांच्या उजव्या अंगाला नंदकुमार उभा होता, ताट घेऊन, काही कळत नसल्यासारखा. इतिहासाचा माणूस! आणि रावसाहेबांचा माथा अजून जमिनीवर होता. मी त्यांच्या पाठीमागून, चपला न वाजवता, पलीकडं गेलो.

"सरक रे जरा," मी नंदकुमारला म्हणालो, "मला इथून नीट दिसतं."

"ये ना," तो म्हणाला. सांगितलं ना, गरीब माणूस. त्यानं मला जागा करून दिली, आणि ताट सांभाळत मागून वळसा घालून माझ्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला.

रावसाहेब उठले. मी छाती पुढं काढली. त्यांनी आधी नग तीनकडं पाहिलं, मग त्याच्या हाताकडं, मग वळले आणि सरळ चालत जाऊन नंदकुमारच्या खांद्यावर हात ठेवला. ताटातला नारळ उचलून त्याच्याच ओटीत घातला. लोकांनी पुन्हा साद दिली. मला काही समजेना. मी माणिककडं बघितलं, तर तिनं कपाळावर हात मारून घेतला होता.

"अहो, उजवं देवाचं धरायचं असतं," ती जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली. "तो आपल्याकडं तोंड करून उभा आहे ना? तुम्ही होतात तीच त्याची उजवी बाजू. कशाला हललात?"

कौल बघताना देवाचा उजवा हात धरायचा, बघणाऱ्याचा नव्हे, हे कोकणातल्या पोरासोरांना ठाऊक असतं म्हणे. मला कसं ठाऊक असणार? आमच्या सायन्सच्या पुस्तकात हे नाही! तेवढ्यात ढोल थांबला, सहदेवनं डोक्याचा डबा काढला, घामाघूम चेहऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि पाणी मागितलं. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. फाटलेला पंख बघून त्यानंच मला विचारलं, यान कोणी मोडलं म्हणून.

ती रात्र मी तळमळत काढली. अन्याय म्हणजे किती अन्याय! विज्ञानयुगावर भाषण देणारा अध्यक्ष शिक्षकाची नेमणूक यंत्रमानवाला विचारून करतो! दुसऱ्या दिवशी सकाळी मी रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. बसा म्हणाले, मी बसलो नाही. अंधश्रद्धा, पदाची प्रतिष्ठा, भावी पिढी, एकही मुद्दा मी सोडला नाही. माझा आवाज इतका चढला की बाहेर माळ्यानं पाण्याची झारी खाली ठेवली. रावसाहेब पुन्हा छापील भाषेवर आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, अगदी योग्य बोललात," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर माझ्या मनात तुम्हीच होतात. मी माथा टेकवला तेव्हा तुम्ही बरोबर त्या जागेवर उभेही होतात, मी पाहिलं होतं. मग एवढ्या विज्ञाननिष्ठ माणसानं तिथून हलायचं कारण काय?"

मी मान खाजवली.

"साहेब," मी म्हणालो, "त्या बाजूला डास फार होते."